सुधारणा : अकरा हेक्टर

पहिल्या खेपेला हे रान माझ्या खांद्याला लागत होतं.
ग्वारुमोच्या फाटक्या छत्र्या, काटेरी वेली,
गुरांमागे उरलेलं उंच गवत, हात कापणारं.
सावली म्हणावी अशी नव्हती.
गोचिडी होत्या.

खाली पनामाचा कालवा, वर हा त्याचा पाणलोट,
आणि मधे उबाल्दिनोची अकरा हेक्टर,
जिथे त्याने पाच वर्षं काहीच केलं नव्हतं.
त्या काहीच न करण्याची किंमत ठरवायला
मला कचेरीने धाडलं होतं.

कार्बनच्या रकान्यात घसघशीत जमा पडली.
कोवळं रान हपापलेलं असतं, बकाबका गिळतं.
पुढचा रकाना पाण्याचा. तिथे मी उणे लिहिलं.
"उणे कसं?" एनेइदाने कॉफी ओतता ओतता विचारलं.
म्हटलं, वाढत्या वयाची पोरं, तहान फार.
ती म्हणाली, खरंय,
ला मूदा यंदा फेब्रुवारीतच आटली.
ला मूदा म्हणजे मुकी. ओढ्याचं नाव.
गुरं होती तेव्हा एप्रिलपर्यंत टिकायची,
असं ती म्हणाली नाही.
तिचं ते न म्हणणं
मी कुठल्याच रकान्यात घातलं नाही.

पंधराव्या वर्षी हप्ता उतरला.
वाढ मंदावली की जमा मंदावते, मी समजावलं.
उबाल्दिनो हसला : "म्हणजे मोठं झालं की भाव पडतो?
माझ्या बाबतीत ठीक आहे. पण झाडाच्याही?"
मग आत जाऊन बिस्किटांचा डबा घेऊन आला.
डब्यात त्याच्या बापाचा कागद, घडीवर विरलेला,
सरकारी शिक्का, जांभळी शाई :
*सुधारणा : अकरा हेक्टर.*
तेव्हा सुधारणा म्हणजे तोड.
कुऱ्हाड चालवल्याचं दाखव, जमीन तुझी.
बापाने तीन उन्हाळे तोडलं,
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली,
आणि साहेबाने खूश होऊन पानभर शेरा लिहिला.
"आता तू लिही," उबाल्दिनो म्हणाला.
माझ्याही कागदावर तोच शब्द छापलेला होता.
मी तोच आकडा लिहिला.
दोन्ही कागद त्याने एकाच घडीत घातले.

यंदाची माझी सातवी खेप.
उबाल्दिनो गेला त्याला दोन पावसाळे झाले.
माझे गुडघे चढणीला कुरकुरतात,
आणि रान आता माझ्याशी उंचीची बरोबरी करत नाही.
ग्वारुमो कधीच मोडून पडले,
त्यांच्या जागी एस्पावे, गुळगुळीत, थोराड,
वर हूप्या माकडांचा सकाळचा आरडाओरडा.
एप्रिल अखेर. पाऊस नाही.
खाली पाण्यावाचून जहाजं ताटकळलेली,
रात्री त्यांचे दिवे एनेइदाच्या ओट्यावरून दिसतात.
आणि ला मूदा बोलते आहे.
फार नाही. बांधाच्या खाचेतून
मनगटाएवढी धार.
मी घड्याळ लावून बादली भरली, तीनदा,
कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही.

पाण्यापुढे अधिक लिहिलं.
"आणि ती वर्षं?" एनेइदा म्हणाली.
"खालच्या वाडीवरून मी घागरी वाहिल्या, ती?"
मी समासात लिहिलं : नावे, घागरी, अंदाजे नऊ वर्षं.
जरा थांबून वर लिहिलं : दोन बोटं.
कचेरीत कुणीतरी लाल रेघ मारेल.
मारू दे.

परतताना चौदा नंबरच्या एस्पावेशी थांबले.
घेर मोजायला बांधलेली पोलादी पट्टी
स्प्रिंग तुटून मुळांशी पडली होती.
पिशवीत होती ती नवी पट्टी वीतभर अपुरी.
एनेइदाने कपडे वाळवायची दोरी सोडून आणली,
तिचं एक टोक धरून ती झाडामागे गेली.
थोडा वेळ ती दिसेना.
मग पलीकडून तिचा हात आला,
दोरीचं टोक घेऊन,
आणि गाठ कुठे मारायची
यावर आमचं थोडं भांडण झालं.